सहा साध्या पिना

दातवाला चोर नव्हता, पण त्याला चोर म्हणायचा मोह शेजाऱ्यांना अधूनमधून होई. केस पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मऊ, आणि एवढा सभ्य माणूस सुट्टीच्या दुपारी खिडकीत बसून किल्लीशिवाय कुलपं उघडायचा. तीही साधीसुधी नव्हेत. गोदामांना लावतात तसली, हातात घेतली तर मनगट खाली जाईल इतकी जड, आणि ज्यांच्या डब्यावर ‘हे कुलूप फोडता येत नाही’ असं ठणकावून छापलेलं असतं तसली. तो ती स्वतः विकत आणायचा, किल्ली बायकोच्या स्वाधीन करायचा आणि दोन वाकड्या तारा घेऊन महिना महिना त्यांच्याशी झटायचा. उघडलं की परत लावून फळीवर ठेवायचा. अशी सदतीस कुलपं फळीवर होती. “यातून तुम्हाला मिळतं काय?” असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, “तुम्ही शब्दकोडं सोडवता त्यातून तुम्हाला काय मिळतं?” विचारणारा शब्दकोडी सोडवत नसला की मात्र त्याची पंचाईत व्हायची.

पोटापाण्याचा उद्योग म्हणजे कवळ्या बनवणं. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेत, त्याचा साचा दवाखान्याच्या मागच्या खोलीत येई, आणि तिथल्या टेबलाशी बसून हा मेणात एकेक दात बसवी. तीस वर्षं तेच टेबल. मेणाची कड केसभर वर आली तरी त्याच्या उजव्या तर्जनीला कळायचं. त्याच बोटाला कुलपातलंही कळायचं. कुलपाच्या पोटात पिना एका रांगेत असतात. तारेनं एकेक वर ढकलायची, योग्य उंचीला आली की टिक् असं काहीतरी होतं. ते कानाला ऐकू येत नाही, फक्त बोटाला लागतं. सगळ्या पिना जागेवर आल्या की कुलूप फिरतं. महागड्या कुलपांत काही पिना रिळासारख्या असतात, मध्ये बारीक कंबर असलेल्या. त्या कंबरेत अडकतात, कुलूप जरासं फिरतं आणि थांबतं. उघडलं वाटून माणूस हुरळतो, आणि उघडलेलं काहीच नसतं. या मंडळींत त्याला ‘फसवी गिरकी’ म्हणत.

मंडळी म्हणजे हाच नाद असलेली पाच डोकी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चावीवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमायची. चावीवाला हा दातवाल्याचा बावीस वर्षांचा दोस्त. दोघांनी एकमेकांना इतका त्रास दिला होता की त्याला मैत्री म्हणण्यावाचून इलाज नव्हता. नियम तीन. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. आणि तिसरा सगळ्यात कडक: कुलूप उघडलं म्हणून कोणी सांगितलं तर ते धरायचं नाही. सगळ्यांसमोर उघडायचं, मग त्याच्या तळाचा स्क्रू काढून आतल्या पिना ट्रेमध्ये ओळीनं मांडायच्या. म्हणजे आत खरंच काय होतं ते चारचौघांनी बघावं. याला ते ‘पोट दाखवणं’ म्हणत. पोट न दाखवलेलं कुलूप म्हणजे नुसती थाप. हा नियम पाचांतल्या बसच्या ड्रायव्हरनं काढला होता, कारण त्यानंच सुरुवातीला सगळ्यात जास्त थापा मारल्या होत्या.

आठ महिन्यांपूर्वी दातवाल्याला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. बोलणं दोन दिवसांत परत आलं, चालणं महिन्याभरात, हाताचा जोरही आला. उजव्या हाताच्या बोटांची जाणीव मात्र आली नाही. मोठ्या डॉक्टरांनी सुई टोचून बघितली आणि म्हणाले, “येईल कदाचित. कदाचित नाही येणार.” असल्या उत्तराला फी कशी घेतात देव जाणे.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं टेबल कोणाला दिलं नाही. दुसऱ्या दवाखान्यातला एक कारागीर संध्याकाळी येऊन काम उरकून जायचा. पण असं किती दिवस चालणार? शेवटी त्यांनी फोन केला. “काका, घाई नाही माझी. पण महिन्याभरात काय ते सांगा.”

तेव्हा दातवाल्यानं बायकोला सांगून टाकलं, “ते मोठं कुलूप उघडलं तर मी कामावर जाणार. नाही उघडलं तर टेबल सोडलं. मग रडायचं नाही, ना तू, ना मी.”

मोठं कुलूप म्हणजे सहा पिनांचं, त्यातल्या चार रिळासारख्या. आजारापूर्वी त्यानं ते दोनदा उघडलं होतं, दोन्ही वेळा घाम निघाला होता. आता तीन आठवडे झाले, काही केल्या दाद देईना. तारेच्या टोकाशी पिन आहे की भिंत हेच बोटाला समजत नव्हतं. तो जेवायचा नाही धड, बोलायचा नाही. कुलूप मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसायचा. शेवटी स्प्रिंगा थकल्या असतील अशी मनाची समजूत काढून त्यानं ते चावीवाल्याकडे पाठवलं. “किल्ली हिच्याकडून घे. स्प्रिंगा बदल. पण दुसऱ्या कशाला हात लावू नकोस.”

“मी काय नवखा आहे?” चावीवाला म्हणाला.

दोन दिवसांनी कुलूप परत आलं. गुरुवारी दुपारी बायको वाळलेले कपडे घडी करत होती. दातवाला तारा घेऊन बसला आणि अकराव्या मिनिटाला कुलूप उघडलं. कडी फटकन वर उडाली. तो खुर्चीतून उठला, परत बसला, परत उठला. “अगं उघडलं! उघडलं गं!” बायको रडायला लागली. आनंदानं रडतेय असं त्याला वाटलं, आणि का वाटू नये?

एक गोष्ट त्याला खटकली होती. फसवी गिरकी एकदाही लागली नव्हती. चार रिळं असलेलं कुलूप असं सरळ कधी फिरत नाही. पण आठ महिने अंधारात काढलेला माणूस उजेडाला पुरावा मागत नाही. हात इतका तयार झालाय की रिळं अडकायच्या आतच पार झाली, असं त्यानं ठरवून टाकलं. कवळी बनवणाऱ्याला एवढी घमेंड शोभते का, हा विचार नंतर आला.

त्यानं लगेच फोन लावला. “बाई, सोमवारपासून येतो.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या काका. टेबल तुमचंच आहे.”

तीन आठवडे तो कामावर गेला. न्हाव्याकडे जाऊन आला, नवा पांढरा कोट शिवून घेतला, डबा घेऊन वेळेआधी पाच मिनिटं हजर. दुसऱ्याच दिवशी मेण वितळवताना त्याला कसलातरी जळका वास आला. इकडे तिकडे बघितलं तर त्याची स्वतःची तर्जनी दिव्याच्या ज्योतीला टेकलेली. फोड आला होता, दुखत काहीच नव्हतं. बायकोला त्यानं सांगितलं, कागदानं कापलं. बायकोनं काही न विचारता पट्टी बांधली. शंका आली, पण त्यानं ती झटकली. बोट गेलेलं असतं तर कुलूप कसं उघडलं असतं? आणि मुख्य म्हणजे एकाही पेशंटची तक्रार नव्हती. एरवी आठवड्याला एखादी तरी कवळी परत यायचीच. हिरडीला टोचते, हसताना निसटते, सूनबाई हसतात. आता अकरा कवळ्या गेल्या आणि एक परत आली नाही. असा महिना तीस वर्षांत गेला नव्हता. त्याची मान हळूहळू ताठ होऊ लागली.

मध्यंतरी चावीवाला दोनदा घरी येऊन गेला. “ते कुलूप दे जरा, तेल घालून आणतो.”

“पोट दाखवेपर्यंत कोणाला हात लावू देणार नाही,” दातवाला म्हणाला. “माझा पराक्रम आहे तो.”

“असं कर, या रविवारी येऊच नकोस. दमला असशील.”

“तुला मेल्या माझा आनंद बघवत नाही,” असं म्हणून दातवाला मनापासून हसला. चावीवाला हसला नाही. तो चहा अर्धा टाकून गेला.

पहिला रविवार आला. पाचही जण जमले. दातवाल्यानं सगळ्यांदेखत कुलूप नऊ मिनिटांत उघडलं. टाळ्या पडल्या. त्यानं स्क्रू काढायला घेतला तसा चावीवाला मध्ये पडला. “राहू दे रे. आपल्या माणसाला कसला नियम? एवढ्या आजारातून उठलाय.”

“नियम म्हणजे नियम,” ड्रायव्हर म्हणाला, आणि दातवाल्यानं त्याला दुजोरा दिला. त्यालाच तर हौस होती.

एकेक पिन ट्रेमध्ये आली. पहिली साधी. दुसरी साधी. तिसरी, चौथी. सहाच्या सहा पिना सरळ, गुळगुळीत, नव्या पितळेच्या. कंबर एकीलाही नव्हती. असलं कुलूप या खोलीत पहिल्या दिवशी आलेला माणूसही उघडतो.

“रिळं कुठायत?” ड्रायव्हरनं विचारलं, आणि लगेच त्याला आपण विचारायला नको होतं असं वाटलं.

दातवाल्यानं चावीवाल्याकडे बघितलं. चावीवाला भिंतीवर टांगलेल्या किल्ल्या मोजत असल्यासारखा उभा होता.

“तू?”

“वहिनींनी सांगितलं,” चावीवाला म्हणाला. “किल्ली घ्यायला गेलो तर रडत होत्या. म्हणाल्या, एकदा उघडू दे त्यांना, मग माणूस उभा राहील. मी मागाहून परत बदलणार होतो रे. तू देईचनास.”

“बदलून टाकलं असतंस. मला कळलंही नसतं.”

“हो ना,” चावीवाला म्हणाला. दातवाल्याचं ते बोलणं त्याला समजूतदारपणाचं वाटलं होतं.

दातवाल्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो वाकला नाही. त्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी सुरू झालं होतं. फळीवरची निम्मी कुलपं याच दुकानातून आलेली. “आधीची सदतीस?” त्यानं विचारलं. “त्यांच्यातपण हात होता तुझा?”

“आईची शपथ, नाही!”

बावीस वर्षांत त्यानं चावीवाल्याकडे कधी शपथ मागितली नव्हती, शपथेविनाच सगळं पटायचं. आज शपथ मिळाली आणि पटलं नाही. शत्रूनं केलं असतं तर त्यानं त्याला भर बाजारात शिव्या घातल्या असत्या. इथं शिव्या कोणाला घालणार? लाज इतकी वाटत होती की रागाला जागाच उरली नव्हती. खोलीत सगळे त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होते. तो पिना ट्रेमध्येच टाकून निघाला.

घरी बायकोनं त्याचा चेहरा बघितला आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

“अगं, माझ्याशी बोलायचंस,” तो म्हणाला. “चावीवाल्याशी काय बोललीस?”

“तुमच्याशी बोलायला तुम्ही होता कुठे? आठ महिने मी भिंतीशी बोलतेय. कुलूप उघडलं नसतं तर तुम्ही त्या खुर्चीतच संपला असता. मला नवरा हवा होता हो, बोट नको होतं.”

“म्हणून केसानं गळा कापलास?”

ती भांडं उचलून आत गेली. बोलली असती तर कदाचित बरं झालं असतं, कारण तिला अजून एक गोष्ट सांगायची होती आणि ती त्या दिवशी तिच्या तोंडून निघालीच नाही.

सोमवारी दातवाला कोट न घालताच दवाखान्यात गेला. त्याला आता स्वतःचं काही वाटत नव्हतं, काळजी होती ती अकरा तोंडांची. अकरा माणसं त्याच्या मेल्या बोटानं बनवलेल्या कवळ्या घालून जेवत होती. कोणाच्या हिरड्या सोलल्या असतील, कोणी भिडेखातर सोसत असेल.

“बाई, सगळ्यांना बोलावून घ्या,” तो उभ्यानंच म्हणाला. “कवळ्या परत मागवा. माझा हात गेलाय. मला माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं. कालच कळलं.”

डॉक्टरीणबाईंनी हातातली फाइल मिटली. “काका, बसा आधी.”

“बसायला नाही आलो. लोकांच्या तोंडाला जखमा होतील.”

“नाही होणार,” त्या म्हणाल्या. मग टेबलाचा खालचा खण त्यांनी ओढला. आत छोट्या डब्या रांगेनं लावलेल्या होत्या. प्रत्येकीवर त्याच्याच अक्षरात पेशंटचा नंबर. त्यानं एक उघडली. त्याची कवळी होती, कोणी न घातलेली. दुसरी उघडली. तीही.

“तुम्ही फोन केलात ना, त्याच दिवशी काकूंचा फोन आला होता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हणाल्या, थोडे दिवस येऊ द्या त्यांना. तो कारागीर संध्याकाळी यायचाच. तुम्ही केलेली प्रत्येक कवळी तो नव्यानं करायचा. मला हे बरोबर वाटत नव्हतं, काका. पण रोज सकाळी तुम्ही इतके खूश दिसायचात.”

दातवाल्यानं खुर्ची ओढली. त्यानं एक कवळी उचलली आणि डाव्या हाताचं बोट, जे शाबूत होतं, ते कडेवरून फिरवलं. मागच्या बाजूला मेण उंच राहून कड वर आली होती. ही टोचली असती. दुसरीत एक दाढ कलती बसली होती. तिसरीत काय झालं होतं ते न बोललेलंच बरं. तो एकेक डबी उघडून बघत गेला, दोष मोठ्यानं सांगत गेला. सगळं संपल्यावर त्यानं डब्यांवरून नजर फिरवली.

“या दहाच आहेत.”

“अकरावी दिली मी,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या आठवड्यातली, एका आजींची. ती चांगली होती, काका. कारागिरानंही बघितली. तो म्हणाला, यात मी काही करण्यासारखं नाही. आजी घालून गेल्या, खूश आहेत.”

तीन आठवड्यांपूर्वी हे वाक्य ऐकलं असतं तर दातवाल्याला आभाळ ठेंगणं झालं असतं.

“खरंच सांगतेय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी फोन उचलून त्याच्यापुढे धरला. “लावून देऊ आजींना? तुम्हीच विचारा.”

“नको,” तो उठत म्हणाला. “त्यांनाही सांगून ठेवलं असेल तुम्ही.”