पांढऱ्या डब्यावरचं पातेलं

मोरीत पडले ती माझीच चूक. फरशी ओली होती, दिसत होती, तरी पाय टाकला. हाड मोडलं नाही, पण मुलाला निमित्त मिळालं.

"आता आकुर्डीत एकटी राहायचं नाही. माणला आमच्याकडं चल."

माणमधला त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. तिथं शेजारीण यायची असली तरी आधी मेसेज करते. मी नाही म्हणाले.

सून म्हणाली, "मग आईंच्या घरात सेन्सर लावू. महिनाभर बघू." तिला मी नको होते आणि मला तिचं घर नको होतं. या एका बाबतीत आमचं पहिल्यापासून जमतं.

मुलानं अट घातली. महिन्याभरात एकदा जरी माझा पत्ता लागला नाही, तर सामान बांधायचं.

वस्तू जमल्या त्या आहेरासारख्या, ज्याला जे सुचलं ते. मुलानं दिवे आणले, ते वायफायचे. सुनेनं दाराला आणि मोरीत सेन्सर लावले, ते झिगबीचे. चाकणच्या लेकीनं गळ्यात घालायचं बटण पाठवलं, ते ब्लूटूथचं. पडले तर ते दाबायचं. मी दाबून बघितलं, तर माझ्याच फोनवर आलं की बटण दाबलंय.

"हे मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

सून हसली. "आई, या तिघांची बिनतारी भाषा वेगवेगळी, एकमेकांचं कळत नाही. मधे हब लागतो. तो तिघांचं ऐकतो आणि ज्याला सांगायचं त्याला सांगतो."

शनिवारी तिनं तो हब आणला. पांढरा डबा, मिसळणाच्या डब्याएवढा. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि दुपारभर बसून एकेक वस्तू त्याला जोडली. मग मी दार उघडलं की स्वयंपाकघरातला दिवा लागायला लागला. बटण दाबलं की सगळे दिवे लाल व्हायचे आणि मुलगा, सून, लेक तिघांचे फोन ओरडायचे. मला आवडलं. पाचदा दाबलं. सहाव्यांदा मुलाचा फोन आला, "आई, पुरे."

बारा दिवस सुरळीत गेले. तेराव्या दिवशी सकाळी मी लसूण सोलत बसले होते, तर मुलगा हेल्मेटसकट घरात शिरला.

"सकाळपासून दार नाही, बाथरूम नाही, सगळं बंद! फोन का उचलत नाहीस?"

"आत चार्जिंगला लावलाय."

"बस झालं. उद्या सामान बांध."

तेवढ्यात त्याच्या फोनवर सुनेचा व्हिडिओ कॉल आला. "आधी हब दाखवा." त्यानं फोन ओट्याकडं फिरवला. "तिथं तर पातेलं आहे."

"त्याखाली आहे," मी म्हणाले.

आदल्या रात्री डब्यावर पाल बसली होती. वस्तूवर पालीची घाण नको म्हणून पातेलं पालथं घालायचं, हे मी परकरात होते तेव्हापासून करत आलेय. वायरमुळं ते डुगडुगत होतं, म्हणून वर खलबत्ता ठेवला.

मुलगा खालीच बसला. "अगं, स्टीलमधून सिग्नल जातो का?"

"दुधावर झाकते तेव्हा दुधाला काही होत नाही. मला काय माहीत?"

सून तिकडं पोट धरून हसत होती. "अहो, यंत्रं नीट आहेत. आईही नीट आहेत. अट कसली मोडली?"

"मला पत्ता लागला नाही. मोडलीच," तो म्हणाला. चूक माझी होती, म्हणून मी वाद घातला नाही. पण सामानही बांधणार नव्हते. "पुन्हा पहिल्या दिवसापासून मोज," मी म्हणाले. "आणि आत्ताच परीक्षा घे."

पातेलं काढून डब्यावर भाजीची प्लॅस्टिकची जाळी ठेवली. मी मोरीत जाऊन फरशीवर बसले आणि बटण दाबलं. बाहेर दिवे लाल झाले, मुलाचा फोन ओरडला. पाठोपाठ लेकीचा फोन आला. ही परीक्षा आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आई पडली का रे?" ती कंपनीतल्या यंत्रांच्या आवाजावर ओरडत होती.

"नाही," मुलगा म्हणाला. "राहतेय ती इथंच. अजून महिनाभर तरी."

तो महिना जाऊन आता दुसरं वर्ष लागलंय.