सूर्यावरचा डाग आणि दादाचा निरोप

आमच्या अप्पांना सूर्याचा नाद होता. उदगीरला शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्टीच्या दिवशी जुनी दुर्बीण खिडकीत बांधायची, समोर पांढरा कागद धरायचा आणि त्यावर पडलेल्या सूर्याच्या गोल उजेडातले काळे डाग पेन्सिलीनं काढायचे. डाग वाढले की लांबची रेडिओ स्टेशनं कधी खणखणीत लागतात, कधी पार बुडतात, असं सांगत. पार उत्तरेकडं तर म्हणे आभाळात हिरवा उजेड पसरतो! आमच्या आभाळात काय होतं? दुष्काळ होता, एक ढग न्हाई. गल्लीतले लोक चिडवायचे, "गुरुजी, सूर्याला काय बघून राहिलात, पावसाचं बघा की!"

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. टँकरसाठी उस्मानाबादऐवजी आता लातूरला खेटे घालायचे, आमच्यासाठी फरक पडला तो एवढाच.

दादा आखातात कामाला होता आणि इकडं आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकलेले. दादाला रजा मिळेना, गल्लीत कुणाकडं फोन न्हाई. अशात त्यानं पत्रानं कळवलं, तिकडच्या रेडिओवर कामगारांचे निरोप त्यांच्याच आवाजात ऐकवतात, माझाही घेतलाय, सोमवारी दुपारी लावा. आईनं एकच धोशा लावला. "एकदा त्याच्या तोंडून 'आई' ऐकू दे, बस. मग मी जायला मोकळी."

सोमवारी सकाळी अप्पा हरखून हाका मारत होते, "अगं बघ, केवढा मोठा डाग!" माझं डोकंच फिरलं. "आज तरी तो सूर्य सोडा, अप्पा," म्हटलं.

दुपारी रेडिओ आईच्या उशाशी ठेवला. दोघातिघांचे निरोप झाले आणि आवाज एकदम खोल गेला. मग नुसती खरखर. अप्पांनी काटा फिरवला, एरियलची तार हलवली. मला वाटलं, अर्थिंग वाळलं. रेडिओची एक तार अंगणात मीठ-कोळसा घालून पुरलेली असायची, ती जागा ओली ठेवली की रेडिओ साफ बोलतो, असं आमच्याकडं सगळेच धरून चालायचे. घरात प्यायच्या पाण्याच्या दोन घागरी होत्या. आईच म्हणाली, "वत गं, समदं वत." मी एक घागर त्या खड्ड्यात रिकामी केली. भुईनं घटाघटा पिऊन टाकली. खरखर तशीच.

दुसरी उचलली तर अप्पांनी हात धरला. "भुईचा दोष न्हाई बाई. सूर्यावर भडका उडालाय. आता लांबचं काही लागायचं न्हाई." तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं. आवाज परत आला तेव्हा कार्यक्रम संपून गाणी लागली होती.

"बोलला का गं?" आईनं विचारलं.

त्याच आठवड्यात ती गेली. अप्पांनी दुर्बीण माळ्यावर टाकली, पुन्हा काढली न्हाई. मला तर त्या सूर्याची अशी चीड बसली की काय सांगू.

आईला वर्ष झालं तेव्हा दादा आला. जेवणं झाली, आणि ताटावरच त्यानं विचारलं, "अप्पा, आईनं ऐकलं का हो?" उत्तराला थांबलाच न्हाई, रडायला लागला. "माईक पुढं आला अन् मी घाबरलो, अप्पा. तुमचं नाव घेतलं, या बहिणीचं घेतलं, पावसाचं विचारलं. 'आई' म्हणायचंच राहिलं. काय वाटलं असंल तिला?"

अप्पा म्हणाले, "तिनं ऐकलंच न्हाई रे. रेडिओ बंद पडला होता."

"बरं झालं," दादा म्हणाला. "लई बरं झालं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं झालं? त्या एका शब्दासाठी तिनं जीव धरून ठेवला होता, असं ओरडून सांगावं वाटलं. पण तो शब्द तर निरोपात नव्हताच. मी ताटं उचलली आणि मोरीत जाऊन पोटभर रडले.