फळ्यावरचा बारा जुलै

अमेरिकेबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांनी त्यांचा इतिहास खुशाल साजरा करावा, पण त्यांच्या घरी. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या गेटजवळ, फळ्यावर तो वाचला की माझ्या मस्तकात तिडीक जाते.

या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहायचे ते तळमजल्यावरचे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. बारा जुलैला ते एकच ओळ लिहीत : ‘पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर.’ त्या पुरात नदीकाठच्या आमच्या खोलीतून माझी धाकटी बहीण वाहून गेली. ती सापडली नाही. तिचा फोटोही नाही. आई आता नव्वदीच्या पुढे आहे. दर वर्षी ती त्या ओळीपुढे हात जोडते आणि मगच चहा घेते. लेकीसाठी हात जोडायला तिला दुसरी जागाच नाही.

हिवाळ्यात मास्तर वारले आणि फळा सेक्रेटरींच्या ताब्यात गेला. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला, म्हणून दिनविशेषही तिकडचाच, मोबाइलवरून उतरवलेला.

यंदा बारा जुलैला आईला धरून खाली नेलं, तर फळा गच्च भरलेला. कोणी पुढारी आदल्या दिवशीच्या द्वंद्वात गोळी लागून मेला. सैनिकांसाठी शौर्यपदक मंजूर झालं. एका मोठ्या पक्षाने प्रथमच बाईला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं. पानशेतचा पत्ता नाही.

“अहो, पानशेत राहिलं,” मी फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या असलेल्या सेक्रेटरींना म्हटलं.

“ताई, ते दर वर्षीचंच झालं. मुलांना जरा ग्लोबल नको का काही?”

“मग दर वर्षी नवा पूर आणू का आम्ही? खडू द्या इकडे.”

“लिहाल कुठे? जागा आहे का?”

असल्या माणसाच्या तोंडी लागायचीसुद्धा किळस आली. मागे वळून पाहते तर आईने हात जोडलेले. तिला हल्ली अक्षरं दिसत नाहीत, फळा पांढरा झालेला तेवढा कळतो. आणि हे गृहस्थ मोबाइल काढून तिचा फोटो घेत होते.

आम्ही वर पोचेपर्यंत तो ग्रुपवर आला होता. ‘नव्वदीतही अमेरिकन इतिहासाची आवड! आजींना सलाम!’ खाली सगळ्या बिल्डिंगच्या टाळ्या.

आईने बशीत चहा ओतला. तिचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत होता.

“यंदा बरंच लिहिलंय गं तिच्याबद्दल,” ती म्हणाली.

मी फोन उपडा ठेवला.

“हो आई,” म्हटलं, “बरंच लिहिलंय.”