बंद केल्यावर चालणारा फ्रिज

"बाय, ह्यो तुमचा फ्रिज परत घ्या. यात भात शिजंल."

हरिश्चंद्र तांडेलांनी गोणपाटात गुंडाळलेला खोका माझ्या टेबलावर ठेवला. तांडेल म्हणजे मासेमारी बोटीवरचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हाती. ते करंजाच्या धक्क्यावरून सरळ आमच्या पनवेलच्या वर्कशॉपमध्ये आले होते. मी खोका तसाच, गोणपाटासकट, बॅटरीला जोडला आणि चहा घेऊन आले. गोणपाट वर करून बघते तर दारावरचा तापमानाचा आकडा एक्केचाळीस. तिथे सहा असायला हवा होता.

या खोक्यात ते बोटीवर आपलं इन्सुलिन ठेवायचे. बोट एकदा सुटली की दहा-बारा दिवस किनारा नाही. मागच्या फेरीत इन्सुलिन उष्णतेने वाया गेलं. ते टोचून घेत राहिले, साखर चढत राहिली. तहान, मग डोळ्यांपुढे धूसर. परत येताना खाडीच्या तोंडाशी त्यांना एका दिव्याचे दोन दिवे दिसले आणि बोट खडकांवर जाता जाता वाचली.

"बोटीचा मालक बोलतंय, दुसरा तांडेल बगतो. घरवाली बोलते, बगू दे. मी घरी बसून काय करू? टीवी बगू?"

पुढच्या फेरीला आठवडा होता.

आता आमच्या स्टार्टअपबद्दल. नाव लिहीत नाही, त्यांनी स्वतःच ते तीनदा बदललंय. मी जन्मभर शीतगृहांची यंत्रं सांभाळली आणि निवृत्तीनंतर इथे सल्लागार झाले. सल्लागार म्हणजे जिचा सल्ला माल विकून झाल्यावर विचारतात ती. मालक निशांत, वय तिशीच्या आत, ऑफिस खारघरच्या एका टॉवरमध्ये. वर्कशॉप मात्र पनवेलला पत्र्याच्या शेडमध्ये, कारण तिथे घाम येतो आणि घाम प्रेझेंटेशनमध्ये चांगला दिसत नाही.

मी त्याला फोन केला. तो आला, गोणपाट बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"मॅम, हा तर क्लिअर युजर एरर आहे! यांनी व्हेंटच बंद केलेत. प्रॉडक्ट परफेक्ट आहे."

तांडेल म्हणाले, "अरे पोरा, आमी बरफ आनतो तो गोणपाटात गुंडालूनच आनतो. थंड वस्तू उगडी ठेवली तर थंड राहील का?"

निशांत हसला. मला हसू आलं नाही. समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस थंड वस्तू गुंडाळणारच. न गुंडाळता ठेवायला तो काय वेडा आहे? गुंडाळलं की तापणारी थंड पेटी आम्ही बनवली, आणि तसं लिहिलेला एक शब्द तिच्यावर कुठे नाही. लोगो मात्र चार बाजूंना आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

ती का तापते ते सांगते. आपल्या घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, गॅस असतो. या खोक्यात दोन्ही नाही. आत बिस्किटाएवढी एक चौकोनी चकती आहे, तिला पेल्टिए म्हणतात. तिला करंट दिला की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. लोक गार बाजूला बोट लावतात आणि चकित होतात. गरम बाजूला कुणी बोट लावत नाही. उष्णता नाहीशी झालेली नसते, ती फक्त इकडून तिकडे गेलेली असते. घर झाडून कचरा शेजारच्या दारात लोटण्यातला प्रकार. शिवाय करंटची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. तो कचरा उचलायला मागे ॲल्युमिनियमच्या पात्या लावतात, त्यांना हीट सिंक म्हणतात, आणि त्यांच्यावर पंखा. पंखा कोंडला की कचरा घरात परत.

आणि करंट बंद झाला तर? तर ही चकती सरळ फितूर होते. मागची उष्णता तिच्यातूनच निवांत आत शिरते. साधा थर्माकोलचा डबा तरी इमान राखतो.

"आपण डेमोला चार डिग्री दाखवतो मॅम," निशांत म्हणाला.

दाखवायचा खरा. खारघरच्या ऑफिसात एसी अठरावर असतो. गुंतवणूकदार आले की हा खोका उघडून "टच करा ना सर, टच करा!" सुरू. सर बोट लावायचे, "वॉव" म्हणायचे. खोका गार होता कारण खोलीच गार होती. ही चकती मागची बाजू मोकळी असेल तर भोवतालच्या हवेपेक्षा पंधरा-वीस डिग्री खाली नेते, त्याहून जास्त अपेक्षा करू नये. बोटीत इंजिनाशेजारी चाळीस असतं. चाळिसातून वीस वजा करायला इंजिनिअर लागत नाही. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला वजाबाकी खालची वाटते.

मी खोका गोणपाटाशिवाय शेडमध्ये दुपारभर चालवला. आत पंचवीस.

"मग डबल करू," निशांत म्हणाला. "दोन पेल्टिए, डबल कूलिंग."

"कचराही डबल."

"मॅम, तुम्ही फार निगेटिव्ह आहात."

केलं डबल. पहिली काही मिनिटं आकडा झरझर उतरला आणि निशांतने मोबाईलवर त्याचा व्हिडिओही काढला. मग पात्यांना ती उष्णता झेपेना. आकडा थांबला, वळला आणि चढायला लागला. तेव्हा व्हिडिओ बंद झाला. शेवटी आत एकोणतीस. दुप्पट वीज खाऊन पहिल्यापेक्षा चार डिग्री जास्त.

"अजून मोठा पंखा लावू," तो म्हणाला आणि खारघरला निघून गेला. त्याला पाचची मीटिंग होती. मला मनापासून संताप आला. या मुलाच्या लेखी तो खोका होता. बाहेर बाकावर बसलेला माणूस त्याच्या हिशेबातच नव्हता.

मी तांडेलांपाशी जाऊन बसले.

"बोटीवर बर्फ किती नेता?"

"आठ-दहा टन."

"मग इन्सुलिन बर्फातच का नाही ठेवत?"

"ठेवला व्हता. बरफात खारा पानी जातो, मंग तो अजून थंड होतो. औषध गोठला. डाक्टर बोलला, गोठलेला फेकून दे."

बरोबर होतं. मीठ पडलं की बर्फाचं तापमान शून्याच्या खाली जातं. म्हणजे बर्फात ठेवलं तर गोठतं, बाहेर ठेवलं तर नासतं. ज्या बोटीच्या पोटात बर्फाचा डोंगर आहे, तिच्या तांडेलाला आम्ही फ्रिज विकला होता, आणि त्याचा कचरा टाकायला जागा शोधत होतो इंजिनाच्या शेजारी! त्या क्षणी मला आमच्या अख्ख्या कंपनीची कीव आली.

कचरा टाकायला बर्फाहून चांगली जागा कुठली?

दुसऱ्या दिवशी मी करंजाला गेले. बर्फाच्या खणाला लागून जाळी ठेवायची एक अंधारी जागा होती. मधल्या भिंतीला तळाशी भोक पाडायचं, त्यातून ॲल्युमिनियमचा ठोकळा पलीकडे बर्फात जाऊ द्यायचा आणि अलीकडच्या टोकाला चकतीची गरम बाजू चिकटवायची. पात्या नकोत, पंखा नको. भोक म्हटल्यावर बोटमालक भडकले.

"बोटीला भोक? डोकं फिरलंय का तुमचं?"

"समुद्राच्या बाजूला नाही हो, आतल्या भिंतीला," मी म्हटलं.

तांडेल मालकांना एवढंच बोलले, "शेट, पाडू द्या. नाय चालला तर मी बोटीवरून कायमचा उतरतो."

आम्ही भोक पाडलं.

इन्सुलिनऐवजी आत पाण्याची बाटली ठेवून स्विच टाकला. आकडा वीसवरून दहा, पाच, दोन. खलाशी टाळ्या वाजवायला लागले. मग शून्य. मग उणे एक.

"बाय, गोठंल ना!" तांडेल ओरडले.

मी स्विच बंद केला; आकड्याला वेगळा छोटा सेल आहे, तो दिसत राहिला. आता आकडा चढणार होता, तो कुठे थांबतो एवढंच बघायचं होतं. करंट गेला की चकती फितूर होते आणि उष्णता गरम बाजूकडून गार बाजूकडे जाऊ देते, हे वर सांगितलंच. पण इथे पलीकडे बर्फ होता. इथे फितुरी आमच्या कामाची होती. खोक्यात शिरणारी उष्णता चकतीतून हळूहळू बर्फाकडे निघून जात होती, आणि चकती तिला फार घाईने जाऊ देत नव्हती. आकडा चढत चढत सहावर आला आणि तिथेच बसला. संध्याकाळी सहा. दुसऱ्या दिवशी दुपारी तांडेलांनी फोनवर वाचून दाखवला, तेव्हाही सहा. त्यांच्या डॉक्टरांना ते आकडे दाखवले. त्यांनी होकार दिला.

बोट सुटायच्या दिवशी निशांत फोटोसाठी धक्क्यावर आला, पांढऱ्या बुटांत. मासळीच्या पाण्यातून उड्या मारत बोटीपर्यंत पोचला.

"मॅम, पॉवर कन्झम्प्शन किती?"

"शून्य. स्विच बंद आहे."

तो थबकला. मग त्याचे डोळे चमकले. "झिरो पॉवर कूलिंग! मॅम, धिस इज ह्यूज!"

"निशांत, तुझी चकती काढून तिथे बेताच्या जाडीचा प्लॅस्टिकचा तुकडा लावला तरी हेच होईल."

"ते ब्रोशरमध्ये नको टाकूया," तो म्हणाला.

मी स्विचवर चिकटपट्टी लावली आणि वर मार्करने लिहिलं: हात लावू नये. आमच्या कंपनीच्या मालावरची ती पहिली उपयोगी सूचना.

फेरी संपवून बोट परतली त्या पहाटे माझा फोन वाजला. मागे इंजिनाची धडधड होती.

"बाय, खाडीच्या तोंडाशी हाय."

"तब्येत?"

"दिवा एकूच दिसतंय."

मग इंजिनाचा आवाज हळू झाला आणि फोन कटला.

निशांतला त्या महिन्यात कुठल्याशा समारंभात पुरस्कार मिळाला. मंचावर त्याने तोच खोका उघडून पाहुण्यांना बोट लावायला लावलं. हॉल एसी होता.

एखादी वस्तू गार कशी करायची ते कुणीही सांगेल. तिच्यातली उष्णता कुठे टाकणार, ते आधी विचारावं. आणि उत्तर देणारा एसीत बसला असेल, तर त्याला अगोदर बाहेर उन्हात बोलवावं.