पुसलेला गुन्हा

अमेरिकेत, हार्टफर्डमधल्या एका जमैकन बेकरीत एव्हराल्ड बकनर वर्षानुवर्षं पाव भाजत आला होता. तापलेले पत्रे उचलून त्याच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. तरुणपणी खिशात गांजाची पुडी सापडली, शिक्षा झाली, आणि पुढे कुठलीही नोकरी मागायला गेला की ती शिक्षा त्याच्या आधी दारात हजर असायची. चर्चच्या तळघरात मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाई मिस फिच यांनी यंदा ती कोर्टातून पुसून घेतली.

"आता कसा नवरदेवासारखा स्वच्छ झालास," बायको मर्लीन म्हणाली.

"नवरदेव होतो तेव्हा तरी कुठे स्वच्छ होतो?"

मिस फिच मात्र हसल्या नाहीत. "मिस्टर बकनर, हे राज्य विसरलं. विमानतळावर बसतात ते केंद्र सरकारचे, ते काहीच विसरत नाहीत. तुमच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड आहे. देशात राहिलात तर एवढ्याशा पुडीसाठी कोणी हलवणार नाही. पण बाहेर जाऊन परत आलात, तर दारातच अडवतील."

"इतक्या जुन्या पुडीचा वास येतो त्यांना?"

"येतो."

ऑगस्टमध्ये जमैकाहून फोन आला. आई गेली होती. नवव्या रात्री सगळं गाव जमतं, गाणी होतात, मासे तळतात. मग थोरला मुलगा मेलेल्या माणसाचा पलंग फिरवून ठेवतो. आत्मा परत आलाच, तर त्याला आपली खोली ओळखू येऊ नये म्हणून.

"मिस फिचना एकदा विचार तरी," मर्लीन म्हणाली.

"विचारलं तर त्या नाही म्हणतील. आणि आईचा पलंग काय शेजारी फिरवणार? न्यायाधीशाची सही आहे माझ्याकडे."

तो गेला. पलंग एकट्याने फिरवला. भिंतीवर जुन्या जागेची फिकट खूण तेवढी राहिली. तिच्याकडे पाहून त्याला उगाच भीती वाटली.

परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने काचेवर बोटं ठेवायला सांगितली. ठसे उमटेनात.

"काय काका, बोटं आजोळी विसरलात?"

"पाव भाजतो, साहेब."

"मग पुसून पुन्हा ठेवा."

उमटूच नयेत, असं एव्हराल्डला वाटलं. काचेखाली हिरवा दिवा लागला. अधिकारी पडद्याकडे पाहत राहिला. त्याचं हसू ओठांवर तसंच होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं.

"मिस्टर बकनर, जरा आत बसा."

एव्हराल्डने सहीचा कागद पुढे केला. अधिकाऱ्याने तो वाचला, नीट घडी घालून परत दिला. "हे राज्याचं झालं, आमचं नाही," तो हळूच म्हणाला. "फोन या ट्रेमध्ये ठेवा."

ट्रेमध्ये फोन थरथरला. मर्लीनचा निरोप होता: बाहेर उभी आहे, किती वेळ?

खोलीचं दार बंद झालं. आतल्या बाजूला कडी नव्हती. एव्हराल्डला आईच्या खोलीतली ती फिकट खूण आठवली, आणि तो न हलता बसून राहिला.