आमच्या पगाराची आगोट

मला पैशाची भीती वाटते. कमी असला तरी वाटते, आणि एकदम जास्त आला तर त्याहून वाटते, कारण तो कुठून कसा निघून जाईल ते कळत नाही. माझं शिक्षण आठवी. नववीत नाव घातलं होतं पण गेले नाही. आणि नवरा मिळाला तो मास्तर, तोही साधा नाही, विशेष शिक्षक. म्हणजे ज्या मुलांना ऐकू येत नाही, ज्यांना लवकर समजत नाही, ज्यांचे हातपाय नीट चालत नाहीत, त्यांना शिकवणारा. आमचे हे एका शाळेत बसत नाहीत. आज ही शाळा, उद्या ती, आणि जी मुलं शाळेत येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी जातात. आगरदांड्याला बाईक बोटीत चढवायची, खाडीपलीकडे दिघीला उतरायचं, तिकडच्या वाड्यांवर फिरायचं आणि संध्याकाळच्या बोटीने परत.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या घरी सगळे म्हणाले, मास्तर म्हणजे सरकारी, पोरगी सुटली. मीपण तसंच समजले. इथे आल्यावर कळलं की ह्यांचं काम कराराचं. उन्हाळ्यात करार संपतो, मग नेमणुकीची नवीन ऑर्डर येईपर्यंत घरी. ऑर्डर येते, दरवर्षी येते, पण कधी ते कोणी सांगत नाही. आणि आली तरी पगार लगेच येत नाही, तुंबत राहतो आणि मग दोन-तीन महिन्यांचा एकदम येतो. मी विचारलं, "अहो, मग माणसं जगतात कशी?" तर हे म्हणतात, "जगतात की. मी नाही का जगलो?" एकटा बाप्या जगेल, वडापाव खाऊन जगेल. पण आता मी होते, आणि माझ्या पोटात पोर होती.

आमची खोली आगरदांड्याजवळ एका कोळणीच्या घरात, मागच्या बाजूला. तिला मी आत्या म्हणते. पोर जन्मली त्याच्या पुढच्या मे महिन्यात आत्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, नुसते बोंबील, जवळा, सुकट वाळत घातलेली. माझं माहेर आत माणगावकडे, मला हे नवीनच. मी म्हटलं, "आत्या, एवढं कोण खाणार?"

"आगोट भरतंय गो, पावसाची बेगमी. समिंदर बंद झाला का कमाई बंद. पन चूल बंद ठेवून चालंल काय? आगोट भरलेली असली का बाईमानसानं घाबरायचं न्हाय."

घाबरायचं नाही, एवढंच मी ऐकलं. मला वाटलं, अगं बाई, हे आपलंच आहे. आपलाही समुद्र बंद होतो की, जून लागला की ह्यांची ऑर्डर बंद. आणि नेमका त्याच आठवड्यात ह्यांचा तुंबलेला पगार आला, आणि ह्यांनी "तू घर बघ" म्हणून माझ्या हातात दिला, आणि मी बघितलं. तांदूळ घेतले, डाळी, तेलाचे डबे, वर्षाचा मसाला, कांद्याच्या माळा, आणि सुकं तर किती घेतलं विचारू नका. खाटेखाली पिंपं, फळीवर पिंपं. घरात आत्याच्या अंगणाचा वास. हे संध्याकाळी आले ते दारातच उभे राहिले.

"अगं, आपण माणसं दोन. तिसरी अजून दूध पिते."

"असू दे. आगोट आहे."

त्या दिवशी मला असं वाटलं की आता कोणी यावं आणि मला घाबरवून दाखवावं.

मग जून आला. पोर खोकायला लागली, छाती घरघरायची, मुरूडला डॉक्टरकडे न्यायची तर पैसे पाहिजेत. गॅस संपला. ह्यांचा रिचार्ज संपला, म्हणजे ऑर्डरचा फोन आला तरी कळणार नाही. भाड्याची तारीख आली. घर खचाखच भरलेलं आणि पाकिटात काही नाही. मी पोरीला मांडीवर घेऊन पिंपाला टेकून बसले आणि रडले. आत्या दारात आली, म्हणाली, "भाडं काय सुकटीत देनार हायस?" मला हसू पण आलं आणि अजून रडू पण आलं.

त्याच रविवारी ह्यांचा चुलतभाऊ आला. तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात आहे, चांगला कमावतो, स्वभावाने वाईट नाही, पण बोलतो. चहा पीत म्हणाला, "वहिनी, तुम्हीच समजवा ह्याला. आमच्याकडे सुपरवायझरची जागा निघालीय. पगार एक तारखेला म्हंजे एक तारखेला, एकदम फिक्स. हा काय करतो? लोकांच्या पोरांना बूट घालायला शिकवतो. स्वतःच्या पोरीला औषध कोण आणणार?"

पोर खोकली तशी ह्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "येतो बघायला, पुढच्या आठवड्यात."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण नाही वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर दिघीकडच्या एका आईचा फोन आला. त्यांची मुलगी ह्यांच्याकडे शिकते, तिला बोलता येत नाही. ती आई विचारत होती, सर कधी येणार, पोरगी रोज बूट घेऊन दारात बसते. हे म्हणाले, "ऑर्डर आली की येतो." यार्डाचं काही बोलले नाहीत. फोन ठेवला आणि मागच्या दारी जाऊन उभे राहिले, आणि मला कळलं की हा माणूस माझ्या भीतीपायी जाणार आहे. जाईल, दर एक तारखेला पैसे आणून देईल आणि मग असाच मागच्या दारी उभा राहील. त्याची मला दुसरीच भीती बसली.

आधी आत्याने आमची सोडवणूक केली. म्हणाली, "दे ती पिंपं इकडं." पावसात सुक्याला भाव चढतो, हे मला कुठे माहीत. तिने टोपली भरली, बाजारात बसली आणि दुपारी पैसे आणून माझ्या हातात ठेवले. "भाडं कापून घेतलंय. मागं लागू नको." त्या पैशात डॉक्टर झाला, पोरीची छाती मोकळी झाली. आत्या गावभर सांगत सुटली, मास्तरीन धंद्याला हुशार हाय. मी कसली हुशार. एकदा नशिबाने निभावलं, दरवर्षी थोडंच निभावणार.

मी ह्यांना म्हटलं, "यार्डात जायच्या आधी मला एक शिकवा. पैसे कसे ठेवायचे ते. तुमच्या त्या मुलांना शिकवता तसं शिकवा, मला एकदम कळत नाही."

हे पहिल्यांदा हसले त्या दिवसांत. म्हणाले, "आम्ही शेवटून शिकवतो."

"म्हणजे?"

"बूट घालायचा असला तर आधी सगळं मी करतो. मोजा मी चढवतो, पाय मी घालतो, पट्टा मी ओढतो. फक्त शेवटी पट्टा दाबून बसवायचा, तेवढं त्या दिघीच्या मुलीने करायचं. ते जमलं की मग पट्टा ओढणंपण तिच्याकडे. मग पाय घालणं. असं मागे मागे यायचं. म्हणजे दर वेळी काम तिच्याच हाताने पुरं होतं. पहिल्यापासून सुरू केलं तर अर्ध्यात दमते आणि बूट फेकून देते."

मी म्हटलं, "मी तेच केलं ना. सगळं मे महिन्यातच घातलं आणि जूनमध्ये दमले."

"मग सांग, आपला शेवट कुठला?"

मी विचार केला. "जुलै. जुलैचा शेवटचा आठवडा. तेव्हा काहीच नसतं. पुढे ऑर्डर आली की वाणी उधार तरी देतो."

"मग तो आधी."

एवढंच. मी म्हटलं, एक वर्ष थांबा, एक वर्ष मला करू द्या, नाही जमलं तर यार्डात जा. ते थांबले.

ऑर्डर आली, पुढे पगार आला. तीन महिन्यांचा आला तरी आम्ही घरात एकाच महिन्याचा समजून वापरला, आणि उरलेल्यातून पहिलं काय, तर पुढच्या वर्षीच्या जुलैचा शेवटचा आठवडा पोस्टातल्या खात्यात. भाडं, गॅस, पेट्रोल, दूध, सगळं त्या आठवड्याचं. लोकांना हसू येईल, दिवाळी तोंडावर आणि ही बाई जुलैचं दूध भरते. पण तो आठवडा झाला ना, तर तो झालाच. मला पोस्टातून येताना असं हलकं वाटलं की मी रिक्षा न करता चालत आले. पुढच्या पगारात त्याच्या आधीचा आठवडा. असं मागे मागे. डॉक्टरचे वेगळे ठेवले, त्याला हात लावायचा नाही. दिवाळीला साडी घेतली नाही, भीमजयंतीला घेतली पण साधी. यार्डातले दीर चिडवायचे, "वहिनी, पोस्टमास्तरशी सोयरीक जमवताय काय?" आगोट पण भरली, पण आत्याला विचारून, खाण्यापुरती.

पहिल्या वर्षी जुलै पुरा झाला आणि जून अर्धा. अर्धा जून ओढाताणीत काढला, पण काढला, यार्डाचं नाव निघालं नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही मागे मागे येत मेपर्यंत पोचलो, आणि वर थोडं उरलं तेही पोस्टात टाकलं.

यंदा ऑर्डर सगळ्यात उशिरा. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट लागला. दिरांचा फोन आला. "वहिनी, जागा परत निघालीय. दादाला फोन द्या."

"भावजी, ते दिघीला गेलेत."

"आली काय ऑर्डर?"

"नाही आली."

"मग बिनपगारी?"

"त्या मुलीकडे गेलेत. पेट्रोलचे पैसे आहेत घरात."

ते म्हणाले, "बरं आहे बाबा तुमचं." टोमणा नव्हता तो.

नंतर एकदा हे दुपारी आले, मी पोरीला भरवत होते. शर्ट खुंटीला लावता लावता म्हणाले, "ऑर्डर आली गं. परवाच आली, सांगायचं राहिलं."

परवा आली आणि ह्यांचं सांगायचं राहिलं. आणि माझं विचारायचं राहिलं. मी पोरीच्या तोंडात घास दिला आणि म्हटलं, "बसा, तुम्हाला पण वाढते."

भीती काही गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. पोर शिंकली तरी माझा जीव वरखाली होतो. पण त्या दिवशी मी जेवले, पोटभर जेवले, आणि ऊन होतं तोवर पोरीजवळ जराशी आडवी झाले.