पेंढ्याचं रेडकू

शेजारच्या सुशीलाकाकूंच्या म्हशीचं रेडकू मागच्या आठवड्यात मेलं. आज सकाळी दूध आणायला गेले, तर म्हैस त्यालाच चाटत होती. जवळून पाहिलं तेव्हा कळलं, त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं होतं. डोळ्यांच्या जागी टाके होते.

"वास आला की पान्हा सोडते बघ," काकू धार काढता काढता म्हणाल्या. "नाहीतर थेंब देत नाही."

"पण तिला कळत नाही का, हे जिवंत नाही म्हणून?"

"कळून काय करील? तिच्या हातात आहे का ते?"

वासासरशी आईच्या मेंदूत एक संप्रेरक सुटतं, आणि त्याला ओ देणारी जनुकं तिच्या जन्मापासूनच असतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. खडू झटकून निवांत घरी येते. ते चाटणं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

दूध तापत ठेवलं. लेक शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हापासून तिचा न धुतलेला कुर्ता मी कपाटात जपलाय. रोज सकाळी त्यात तोंड खुपसते, मग दिवस सुरू होतो. आज कपाटाच्या दाराला हात लावला आणि तशीच थांबले. ती कधी परतलीच नाही, तरी मला हा कुर्ता पुरेल का?

दार अजून उघडलंही नव्हतं, आणि माझा जीव निवायला लागला होता.